मुंबईच्या उकाड्यात म्युनिकची फेस्टबिअर

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये आज लीटरभराच्या मगांतून जी बिअर दिली जाते, ती अनेकांच्या कल्पनेतल्या तांबूस बिअरसारखी नसून फिकट सोनेरी असते आणि तिला फेस्टबिअर म्हणतात. बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसा यांच्या विवाहानिमित्त १८१० साली हा उत्सव सुरू झाला. १८७२ मध्ये तेथे तांबूस मेर्झेन आली आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे उत्सवाची बिअर म्हणजे मेर्झेन, असेच समीकरण राहिले. मेर्झेन पोटाला लवकर जड वाटते आणि उत्सवात माणसे तासन्‌तास बसतात, म्हणून १९७० च्या दशकात पाउलानर ब्रुअरीने तिच्याहून हलकी आणि उजळ बिअर तयार केली. १९९० पासून तंबूंत मुख्यतः तीच असते. ही बिअर हेलेस या म्युनिकच्या रोजच्या फिकट बिअरपेक्षा भरदार आणि मेर्झेनपेक्षा कोरडी लागते. माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची, चव ताज्या पावाच्या गाभ्यासारखी असते, भाजल्याची नसते, आणि हॉप्स या कडवट फुलांचा कडवटपणा गोडवा आवरण्यापुरताच असतो. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००० धरले तर तिचे आरंभीचे, म्हणजे आंबवण्यापूर्वीचे, गुरुत्व १.०५४ ते १.०५७, शेवटचे १.०१० ते १.०१२, कडवटपणा १८ ते २५ आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) आणि मद्यांश ५.८ ते ६.३ टक्के असावा लागतो.

अशी फिकट लागर, म्हणजे थंडीत आंबवून मुरवलेली बिअर, करताना चूक झाकायला हाताशी काहीच नसते. स्टाउट या काळ्या बिअरमध्ये भाजक्या माल्टचा आणि आयपीए या कडवट बिअरमध्ये हॉप्सचा आडोसा मिळतो. येथे यीस्टला ऐन कामाच्या दिवसांत चार अंश जास्त उष्णता मिळाली तरी ते पेल्यात कळते. म्हणून मुंबईत ही बिअर करणे म्हणजे मुख्यतः थंडाव्याची व्यवस्था करणे होय. पाककृती सोपी आहे आणि तिच्यासाठी मी थोडीच जागा देणार आहे. थंडाव्याविषयी मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण थंड देशांतील पुस्तके ज्या तळघराला गृहीत धरतात ते आपल्याकडे नसते.

आधी कायद्याची बाजू स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि स्वतःपुरती घरी केलेली बिअरही त्यातून सुटत नाही. मी पश्चिम उपनगरांतील एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करते आणि येथे दिलेली २० लीटरची कृती तेथे चाचणीच्या बॅचसाठी वापरते. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी अशा देशांत स्वतःपुरती बिअर घरी करण्यास मुभा आहे. तेथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी स्थानिक मर्यादा पाहून ही कृती घरी करावी. मुंबईत राहणाऱ्यांनी परवाना असलेल्या जागेतच करावी.

वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास बंदी होती, कारण उन्हाळ्यात केलेली बिअर बिघडत असे. म्हणून मार्चमध्ये थोडी जोरकस बिअर करून ती थंड तळघरात ठेवत आणि उन्हाळाभर पुरवत. मेर्झेन हे नाव त्या मार्च महिन्यावरून आले. त्या हिशेबाने मुंबईचे बाराही महिने बंदीचेच ठरतात, आणि यंत्राने थंडावा निर्माण करता येतो म्हणूनच आपण हा विचार करू शकतो. आंबवण्यासाठी सुमारे दोन ते अडीच आठवडे आणि थंडीत मुरण्यासाठी सहा आठवडे धरले, तर दसऱ्याच्या सुमारास पेला भरण्यासाठी त्याच्या सुमारे नऊ आठवडे आधी भांडे चढवावे.

पाणी आणि माल्ट

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर भाग्यवान आहेत. म्युनिकच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असल्यामुळे तेथे आधी गडद बिअर रुजली आणि फिकट बिअर करण्यासाठी पाण्यावर प्रक्रिया करावी लागली. आपले पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतले, म्हणजे साठवलेले पावसाचे पाणी असल्यामुळे मृदू असते. ते चेक देशातील पिल्सन शहराच्या पाण्याच्या अधिक जवळ जाते आणि फिकट लागरला मानवते. त्यात फक्त क्लोरीनचा प्रश्न असतो. क्लोरीन राहिला तर माल्टमधील फिनॉलशी त्याचा संयोग होऊन बिअरला दवाखान्यातल्या मलमपट्टीसारखा वास येतो आणि तो कधीच जात नाही. सरबते टिकवण्यासाठी ज्या घरांत केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात, त्यांना उपाय माहीत आहे: ३२ लीटर पाण्याला पाव ग्रॅम, म्हणजे अगदी चिमूटभर केएमएस ढवळून टाकावे, क्लोरीन काही मिनिटांत निष्प्रभ होतो. त्याच पाण्यात साडेतीन ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि दीड ग्रॅम जिप्सम, दोन्ही खाद्य दर्जाचे, विरघळवावे. त्यामुळे कॅल्शियमचे प्रमाण लीटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास येते, जे यीस्ट नीट खाली बसण्यासाठी उपयोगी पडते. मुंबईच्या नळाच्या पाण्याला आरओ यंत्रातून काढण्याची गरज मला कधी भासलेली नाही. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मात्र तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

वीस लीटर बिअरसाठी ३.४ किलो पिल्सनर माल्ट, १ किलो व्हिएन्ना माल्ट, ७०० ग्रॅम फिकट म्युनिक माल्ट आणि १०० ग्रॅम ॲसिड्युलेटेड माल्ट लागते. शेवटचे माल्ट लॅक्टिक आम्लाने आंबट केलेले असते आणि आपल्या मृदू पाण्यात लगद्याचा पीएच ५.६ च्या आसपासून ५.४ पर्यंत खाली आणते. म्युनिक माल्ट यापेक्षा वाढवण्याचा मोह टाळावा, नाहीतर बिअर मेर्झेनकडे झुकते. कॅरॅमल माल्ट तर घालूच नये, कारण त्याचा चिकट गोडवा या बिअरला शोभत नाही.

माल्ट हवेतला ओलावा कापसासारखे शोषते. पावसाळ्यात उघडे पोते आठवड्याभरात मऊ पडते, आणि महिन्याभरात सोंडे होण्याची भीती असते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ते ठेवावे आणि वापरण्याआधी दोन दाणे दाताखाली फोडून पाहावेत: चांगला दाणा फुटाण्यासारखा कुरकुरीत फुटतो, सादळलेला दाबला जातो. दळताना पीठ करायचे नसते. दाण्याचे चार-पाच तुकडे व्हावेत आणि वरचे टरफल शक्यतो अखंड राहावे, कारण पुढे तेच टरफल गाळणीचे काम करते. पिठाच्या गिरणीत हे साधत नाही. रोलर असलेली माल्टची गिरणीच हवी.

मॅश आणि उकळ

चाळीस लीटरचे जाड बुडाचे स्टीलचे पातेले पुरते; भुलेश्वर-तांबाकाट्याच्या भांडीबाजारात झाकणासकट आणि तळाशी नळ बसवून मिळते. त्यात १५.५ लीटर पाणी तापवून माल्ट भिजवायचे असते. त्यालाच मॅश म्हणतात. येथे एक छोटा फरक लक्षात ठेवावा. माल्ट २० अंश सेल्सिअसवर असेल, तर ६४ अंशांचा लगदा मिळवण्यासाठी पाणी सुमारे ७० अंशांवर घ्यावे लागते आणि परदेशी कृतींत तोच आकडा असतो. आपल्याकडे माल्टच ३० अंशांवर असते, त्यामुळे साडेअडुसष्ट अंशांचे पाणी पुरते. दीड अंश क्षुल्लक वाटतो, परंतु बिअर कोरडी होणार की गोडसर राहणार हे याच टप्प्यावर ठरते. ६२ ते ६५ अंशांच्या दरम्यान जे विकर जोमाने काम करते ते यीस्टला पचणारी साखर बनवते. ७० च्या पुढे दुसरे विकर उरलेला स्टार्च तोडते आणि तोंडात भरदारपणा देणारे भाग मागे ठेवते. म्हणून लगदा ४५ मिनिटे ६४ अंशांवर आणि मग सतत ढवळत तापवून ३० मिनिटे ७२ अंशांवर ठेवावा. चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला, तर स्टार्च शिल्लक आहे असे समजून आणखी दहा मिनिटे थांबावे आणि ती बशी धुऊन टाकावी. शेवटी ७७ अंशांपर्यंत नेऊन गाळायला घ्यावे.

जुन्या जर्मन पद्धतीत लगद्याचा घट्ट तिसरा हिस्सा वेगळा काढून उकळतात आणि परत मिसळतात. त्याने माल्टची चव खोल होते हे खरे, पण पहिल्या दोन बॅचसाठी हा खटाटोप करू नये.

पहिले गोड पाणी, म्हणजे वॉर्ट, खाली काढल्यावर सुरुवातीचे दोन-तीन लीटर गढूळ येतात. ते हळूच वरून परत ओतावेत, स्वच्छ धार सुरू झाली की मग साठवावे. त्यानंतर ७६ अंशांचे साडेसोळा लीटर पाणी थोडे थोडे वरून सोडून एकूण २७ लीटर वॉर्ट जमा करावे. मागे राहिलेला चोथा गुरांना चालतो आणि आमच्याकडून तो जवळच्या तबेल्यात जातो. मुंबईच्या हवेत तो सहा-सात तासांत आंबू लागतो, त्यामुळे ज्याला द्यायचा त्याला त्याच दिवशी द्यावा.

उकळ ९० मिनिटे आणि झाकण पूर्ण उघडे ठेवून घ्यावी. पिल्सनर माल्ट फार हलके वाळवलेले असल्यामुळे त्यात एक द्रव्य शिल्लक राहते, जे तापल्यावर डायमिथाइल सल्फाइड बनते. त्याचा वास पावसात गाडीवर मिळणाऱ्या उकडलेल्या कणसासारखा असतो. कणसाला तो शोभतो, बिअरला नाही. उकळताना तो वाफेबरोबर निघून जातो, झाकण ठेवले तर थेंबांबरोबर परत आत पडतो. उकळ सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर, म्हणजे शेवट साठ मिनिटांवर असताना, १२ टक्के अल्फा आम्लाचे (हॉप्समधला कडवटपणा त्यातूनच येतो) १४ ग्रॅम माग्नुम हॉप्स घालावेत, आणि शेवटची पंधरा मिनिटे उरली असता ४ टक्के अल्फाचे २० ग्रॅम हालेरटाउअर मिटेलफ्रू. एकूण कडवटपणा २२ आयबीयूच्या आसपास येतो. पाकिटावरचा अल्फाचा आकडा वेगळा असेल तर वजन त्या प्रमाणात बदलावे.

या टप्प्यावर गुरुत्व १.०५६ असावे. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. ३० अंशांच्या वॉर्टमध्ये तो ०.००२ ते ०.००३ ने कमी दाखवतो. मुंबईत ही दुरुस्ती विसरणारे आपले माल्ट कमी पडले असे समजून पुढच्या वेळी विनाकारण वाढवतात.

नळाच्या पाण्याने जे होत नाही

उकळ थांबल्यावर वॉर्ट लवकर थंड करावे लागते, आणि खरी अडचण येथून सुरू होते. दहा-बारा मीटर तांब्याची नळी गुंडाळून केलेली कॉइल उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत वॉर्टमध्ये बुडवावी, म्हणजे ती निर्जंतुक होते. मग तिच्यातून पाणी खेळवावे. म्युनिकमध्ये नळाचे पाणीच थंडगार असते. आपल्याकडे ते बहुतेक महिने २७ ते ३० अंशांवर असते, त्यामुळे वॉर्ट ३३-३४ अंशांपर्यंत येते आणि तेथे अडते. माझ्या पहिल्या प्रयत्नात तासभर पाणी सोडूनही काटा ३२ च्या खाली गेला नाही. रात्र झाली होती, म्हणून फ्रीजरमध्ये काही तास ठेवून २४ अंशांवर यीस्ट घातले आणि थंड करणे पुढे चालू ठेवले. ती बॅच नऊ आठवड्यांनी उघडली तेव्हा तिला पिकल्या केळ्याचा आणि मागून नेलपॉलिशचा वास होता. यीस्ट पहिल्या दोन दिवसांत वाढते आणि हे वास मुख्यतः त्याच काळात तयार होतात. नंतर कितीही थंड केले तरी ते पुसले जात नाहीत.

आता मी हे काम तीन टप्प्यांत करते. नळाच्या पाण्याने ३५ अंशांपर्यंत यायचे आणि ते पाणी बादल्यांत धरून भांडी धुण्यास वापरायचे. मग मोठ्या टबात बर्फाच्या लादीचे फोडलेले तुकडे आणि पाणी घेऊन, त्यात एअर कूलरचा छोटा पंप बुडवून तेच बर्फाचे पाणी कॉइलमधून फिरवायचे. साधारण १५ किलो बर्फात वॉर्ट १८ ते २० अंशांवर येते. लादीचा बर्फ पिण्यायोग्य नसतो, त्यामुळे त्याचा थेंबही भांड्यात पडता कामा नये. नळीचे जोड भांड्याच्या बाहेरच ठेवावेत आणि हात पुसूनच झाकणाला लावावेत. या वेळी दमट हवेमुळे भांडे बाहेरून असे घामेजते की त्याखाली पाण्याचे डबके साचते. एक कोरडे फडके काठाभोवती गुंडाळले, तर ते पाणी काठावरून आत जात नाही. शेवटचा टप्पा फ्रीजरचा. वॉर्ट निर्जंतुक केलेल्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, काढून, तळाचा गाळ मागे ठेवून, झाकण लावून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे आणि सकाळी ९ अंशांवर आल्यावरच यीस्ट घालावे. थंड होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधले, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतले, पाणी आत ओढले जाते, म्हणून रात्रीपुरते भोकावर सॅनिटायझर फवारलेला ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा बसवावा. यीस्ट न घातलेले गोड वॉर्ट रात्रभर ठेवायचे असल्यामुळे स्वच्छतेत तडजोड चालत नाही: उकळीनंतर ज्या ज्या वस्तूचा वॉर्टला स्पर्श होईल ती आधी घासून, मग आयोडोफोर या आयोडीनयुक्त सॅनिटायझरच्या द्रावणातून काढलेली हवी.

फ्रीजर

वर उघडणारा डीप फ्रीजर, २०० ते ३०० लीटरचा, या कामाला उत्तम. वर उघडत असल्यामुळे झाकण उचलले तरी थंड हवा खाली राहते. त्याच्या प्लगमध्ये डिजिटल तापमान नियंत्रक जोडावा. लोहार चाळीत तो सहज मिळतो. नियंत्रकाचा संवेदक फ्रीजरच्या हवेत लोंबकळत ठेवू नये. आंबताना फर्मेंटर स्वतः उष्णता निर्माण करतो आणि आतली बिअर भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गरम राहते. म्हणून संवेदक फर्मेंटरच्या बाजूला, द्रवाच्या पातळीखाली, चिकटपट्टीने घट्ट लावून त्यावर थर्माकोलचा जाड तुकडा बांधावा, म्हणजे तो हवेचे नव्हे तर बिअरचे तापमान सांगेल. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर किमान पाच मिनिटे पुन्हा सुरू होणार नाही अशी विलंबाची सोय नियंत्रकात असते. ती चालू करावी, अन्यथा आपल्या उकाड्यात कॉम्प्रेसर लवकर जळतो. फ्रीजर भिंतीपासून वीतभर पुढे आणि वारा खेळेल अशा जागी असावा.

दमटपणाचा त्रास आतही होतो. पावसाळ्यात तळाशी पाणी साचते, रबरी पट्टीवर काळी बुरशी धरते आणि तिचा वास नळ्यांना लागतो. दर तीन-चार दिवसांनी आतले पाणी टिपून घ्यावे आणि पट्टी सॅनिटायझरने पुसावी. विजेची काळजी मात्र फार करू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईभर वीज गेली तेव्हा माझी एक बॅच २ अंशांवर मुरत होती. झाकण न उघडता तसेच ठेवले आणि चार तासांनी वीज आली तेव्हा नियंत्रकावर एका अंशापेक्षाही कमी फरक दिसला. वीस लीटर थंड द्रव आपले तापमान बराच वेळ धरून ठेवतो. पाहण्यासाठी झाकण उघडण्यानेच तो अधिक लवकर गरम होतो.

यीस्ट

या बिअरसाठी डब्ल्यू-३४/७० हे वायहेनश्टेफानचे लागर यीस्ट सर्वांत भरवशाचे. कोरड्या स्वरूपात ते ११.५ ग्रॅमच्या पाकिटांत मिळते आणि २० लीटरला तीन पाकिटे लागतात. एक पाकीट पुरेल असे अनेकदा सांगितले जाते. सामान्य तापमानावर आंबवलेल्या, म्हणजे एल प्रकारच्या, बिअरला ते पुरेलही. परंतु १० अंशांवर यीस्ट सावकाश वाढते आणि कमी संख्येने सुरुवात केली, तर ते थकते, वास सोडते आणि अर्ध्यावर थांबते. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवावेत. कुरियरने आलेले पाकीट उन्हात तापलेले असू शकते, म्हणून ते लगेच फ्रीजमध्ये ठेवावे आणि मुदत तपासावी. फर्मेंटर पाच मिनिटे चांगला हलवून यीस्ट पृष्ठभागावर सगळीकडे भुरभुरावे, एअरलॉक बसवावा आणि नियंत्रक १० अंशांवर लावावा.

बुडबुडे दिसायला दीड दिवसही लागू शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फ्रीजर उघडताच गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. लागर यीस्टचा तो स्वभाव आहे. बिअर बिघडलेली नसते आणि हा वास पुढे मुरताना निघून जातो. सहाव्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले की नियंत्रक १५ अंशांवर न्यावा. त्यासाठी येथे हीटर लागत नाही. फ्रीजर थांबला की मुंबईची हवाच दिवसभरात ते काम करते.

हा उबदार विसावा डायसेटिलसाठी असतो. यीस्ट वाढताना जे द्रव्य बाहेर टाकते त्यापासून डायसेटिल बनते, ज्याचा वास लोण्यासारखा असतो, आणि काम संपत आल्यावर यीस्टच ते परत शोषून घेते, मात्र त्यासाठी त्याला थोडी ऊब आणि तीन-चार दिवस द्यावे लागतात. किती दिवस द्यायचे हे कॅलेंडर पाहून ठरवू नये, नाकाने ठरवावे. दोन छोट्या स्टीलच्या पेल्यांत बिअरचा नमुना घ्यावा आणि दोन्हींवर झाकण ठेवावे. एक पेला ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवावा, मग थंड पाण्यात ठेवून दुसऱ्याच्या बरोबरीने आणावा. दोन्ही झाकणे एकापाठोपाठ उचलून वास घ्यावा. तापवलेल्या पेल्यातून लोणी कढवायला ठेवल्यासारखा किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा वास आला आणि दुसऱ्यातून आला नाही, तर डायसेटिल अजून लपून बसलेले आहे आणि ते पुढे बाटलीत बाहेर येणार आहे. आणखी दोन दिवस थांबून परीक्षा पुन्हा घ्यावी. दोन्ही पेले सारखेच स्वच्छ वाटले आणि गुरुत्व सलग तीन दिवस १.०११ वर स्थिर राहिले, तर आंबवण पूर्ण झाले. ही परीक्षा फुकट आहे, अर्ध्या तासात होते, आणि ती न केल्यामुळे वाया गेलेल्या लागर मी अनेक चाखल्या आहेत.

मुरवणे आणि भरणे

आता बिअरचा शत्रू ऑक्सिजन आहे. आंबवण संपल्यावर मिसळलेल्या हवेने फिकट बिअरची चव काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. १९ लीटरचा स्टीलचा केग, म्हणजे दाब सहन करणारी बंद टाकी, काठोकाठ सॅनिटायझरने भरावा आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने ते सर्व बाहेर ढकलावे, म्हणजे आत केवळ तो वायू उरतो. मग फर्मेंटरमधली बिअर नळीने केगच्या तळाशी, खळखळाट न होऊ देता, उतरवावी. केगवर १० ते ११ पीएसआय दाब ठेवून दिवसाला दोन अंश याप्रमाणे तापमान १ ते २ अंशांपर्यंत उतरवावे आणि सहा आठवडे हलवू नये. या काळात यीस्ट आणि प्रथिने खाली बसतात, गंधक विरतो आणि बिअर आपोआप फसफसती होते. चौथ्या आठवड्यात चव घेतली तर ती बरी लागते. सहाव्या आठवड्यात माल्ट आणि कडवटपणा एकमेकांत मिसळलेले असतात. हा फरक पटण्यासाठी एकदा दोन्ही वेळी चव घेऊन वहीत लिहून ठेवावे.

केग नसेल तर बाटल्यांत भरता येते. मुरवून झाल्यावर लीटरला सहा ग्रॅम या प्रमाणात साखर थोड्या पाण्यात उकळून, तो पाक थंड करून बिअरमध्ये घालावा, सोबत दोन ग्रॅम ताजे यीस्ट द्यावे, कारण सहा आठवडे थंडीत राहिलेले यीस्ट थकलेले असते. बाटल्या बिअरच्याच, जाड काचेच्या आणि चिरा नसलेल्या घ्याव्यात. त्या स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवू नयेत: साखरेचा हिशेब चुकला किंवा आंबवण अर्धवट राहिले असेल, तर ३२ अंशांच्या खोलीत बाटली फुटून काच उडते. झाकणाच्या क्रेटमध्ये, फ्रीजर २० अंशांवर लावून दोन आठवडे ठेवाव्यात आणि मग थंड कराव्यात.

पेल्यात बिअर ६ ते ८ अंशांवर असावी. आपल्याकडे बिअर बर्फासारखी गार हवी असा आग्रह असतो, पण २ अंशांवर माल्टची चव झोपलेली राहते आणि ज्यासाठी नऊ आठवडे घालवले तेच जिभेला कळत नाही. मुंबईत पेला टेबलावर पाच-सात मिनिटे ठेवला की तापमान आपोआप जुळते. पेला साबणाचा अंश न राहू देता धुतलेला आणि आतून पाण्याने ओला केलेला असावा, पहिली धार तिरक्या पेल्यात सोडून शेवटची सरळ मधोमध सोडावी, म्हणजे दोन बोटे पांढरा घट्ट फेस उभा राहतो. केग कायम थंडच ठेवावा आणि दोन महिन्यांत संपवावा. एकदा खोलीच्या तापमानावर आलेला केग पुन्हा गार करता येतो, पण त्या काळात गेलेला ताजेपणा परत मिळत नाही.